कॉफीचं गाव कोणतं?

मंडळी, आधीच कबूल करून टाकतो. मी ज्या घरात वाढलो तिथे कॉफी हा जवळजवळ औषधाचा प्रकार होता. वाशिमला आमच्याकडे दिवसातून चारदा चहा व्हायचा, पाहुणा आला की पाचव्यांदा. तो पाहुणा "मी चहा घेत नाही हो" म्हणाला की आईच्या कपाळावर बारीकशी आठी उमटायची. मग फडताळाच्या मागच्या कोपऱ्यातून कॉफीची पुडी निघायची. दुधात साखर, दुधात पुडी आणि वरून किसलेलं जायफळ. जायफळाशिवाय कॉफी असते हे मला बारावीपर्यंत माहीतच नव्हतं. पहिली "खरी" कॉफी प्यायलो ती नागपूरला, सदरच्या इंडियन कॉफी हाउसमध्ये, इंजिनिअरिंगच्या अॅडमिशनच्या धावपळीत. बाबांनी एक घोट घेतला, इकडे तिकडे पाहिलं आणि मला हळूच म्हणाले, "जायफळ इसरले वाट्टे हे लोक." :)

असो. सध्या नोकरीमुळे बंगळुरात आहे. इथे ऑफिसात कोडपेक्षा कॉफीवर जास्त बोलणारी माणसं भेटली आणि मीही वाहवत गेलो. एका शनिवारी एका मित्राने कॉफीच्या चवपरीक्षेला नेलं. त्याला "कपिंग" म्हणतात. लांब टेबल, त्यावर ओळीने वाट्या. प्रत्येक वाटीत ८.२५ ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी, त्यावर १५० मिलिलिटर पाणी, उकळी येऊन किंचित निवलेलं, साधारण ९३ अंशांचं. चार मिनिटं हात लावायचा नाही. मग वर आलेली साय चमच्याने मोडायची आणि नाक वाटीत खुपसायचं. थोडं निवलं की चमचाभर घेऊन जोरात भुरका मारायचा. जितका आवाज मोठा तितकं चांगलं, कारण हवेबरोबर कॉफी सगळ्या तोंडभर उडते आणि वास नाकाच्या मागच्या दारातून आत जातो. वास, चव, आंबटपणा, अंग, मागे रेंगाळणारी चव अशा दहा गोष्टींना गुण देऊन बेरीज शंभरातली. ८० च्या पुढे गेली तर ती "स्पेशालिटी". आमच्या भाषेत सांगायचं तर हे सरळसरळ टेस्टिंग आहे, फक्त बग जिभेने शोधायचे.

भुरके मारायला मी सगळ्यात आधी शिकलो. बशीत चहा ओतून पिणाऱ्या खानदानातला आहे ना मी! शेजारचे लोक बिचारे लाजत लाजत चमचा तोंडाला लावत होते.

पण त्या दिवशी डोक्यात राहिली ती चव नव्हे, पिशवीवरची अक्षरं. मळ्याचं नाव, डोंगराचं नाव, उंची मीटरमध्ये, झाडाची जात, फळ कसं वाळवलं, कोणत्या महिन्यात तोडलं. पावशेर कॉफी, आणि तिची अख्खी जन्मपत्रिका पाठीवर छापलेली. मला एकदम आबा आठवले, म्हणजे माझे आजोबा. मंगरूळपीर तालुक्यात आमची शेती. आबांनी जन्मभर कापूस केला. त्यांच्या कापसाबरोबर असा कागद कधी गेला असेल का? तेव्हापासून शनिवार-रविवारी जे हाताला लागेल ते वाचतो आहे. पिकाला गावाचं नाव कधी लागतं, आणि ते कोण पुसतं, एवढाच माझा प्रश्न.

कॉफीच्या बाबतीत पहिलं नाव लागलं तेच मुळात चुकीचं. येमेनच्या किनाऱ्यावर मोखा नावाचं बंदर. सोळाव्या-सतराव्या शतकात जगाची जवळपास सगळी कॉफी याच टापूतून जायची, म्हणून युरोपात कॉफीचं नावच "मोका" पडलं. गंमत अशी की मोख्यात कॉफीचं झाड नाही! बंदर उष्ण आणि रेताड. कॉफी यायची आतल्या डोंगरांच्या उतारांवरून, बैत-अल-फकीहच्या बाजारात तिचा सौदा व्हायचा आणि मग उंटावरून किनाऱ्याला. पिकवणाऱ्याचं गाव मागेच राहिलं, नाव मिळालं गोदीला. आपल्याकडेही तेव्हाच कॉफी येत होती. सर थॉमस रोचा पाद्री एडवर्ड टेरी १६१६ ते १६१९ या काळात मुघल मुलखात होता. त्याने लिहून ठेवलंय की धर्माने कडक असलेले लोक इथे दारू घेत नाहीत, काळ्या बिया उकळून केलेलं एक पेय घेतात. म्हणजे चहाने आपल्याला पछाडायच्या कितीतरी आधी कॉफी पश्चिम किनाऱ्यावर उतरली होती. जुन्या मराठीत तिच्या बियांना "बुंद" म्हणत, अरबी "बुन्न"वरून. शब्द होता, पेय होतं, पण झाड नव्हतं.

झाड आलं ते बाबा बुडन यांच्याबरोबर अशी आख्यायिका आहे. साधारण १६७० चा सुमार, हजहून परतताना या सूफी फकिराने येमेनहून सात बिया लपवून आणल्या आणि चिकमगळूरजवळच्या डोंगरात लावल्या. सात हा आकडा कथेतला आहे हे उघड आहे. पण पुढचं कागदोपत्री आहे. १६९६ मध्ये आणि पहिली रोपं वाहून गेल्यावर पुन्हा १६९९ मध्ये डच लोकांनी मलबारहून कॉफीची रोपं जावाला नेली. जावाचं एक झाड १७०६ मध्ये अॅमस्टरडॅमला पोचलं, तिथलं एक १७१४ मध्ये पॅरिसला राजाच्या बागेत, आणि तिथून कॅरिबियन बेटांत, मग दक्षिण अमेरिकेत. आज "टिपिका" म्हणून मिरवणारी लॅटिन अमेरिकेतली कॉफी ही मलबारच्या रोपांची पणती-खापरपणती. पण दुकानात नाव कोणाचं लागलं? "जावा"चं! (म्हणजे ज्या भाषेत मी पहिली दोन वर्षं रोज रडलो, तिच्या नावातही आपल्या किनाऱ्याचा वाटा आहे. असू दे.)

आता माझी सगळ्यात आवडती गोष्ट. शिडाच्या जहाजांच्या काळात मलबारची कॉफी आफ्रिकेला वळसा घालून युरोपात जायची. सहा-सहा महिने जहाजाच्या पोटात, ओलसर खारट हवेत. पोचेपर्यंत बिया फुगायच्या, हिरव्याच्या फिकट पिवळ्या व्हायच्या, आंबटपणा पार निघून जायचा. १८६९ ला सुएझ कालवा उघडला, वाफेची जहाजं आली, प्रवास काही आठवड्यांवर आला. माल चांगला, ताजा, हिरवागार पोचू लागला... आणि गिऱ्हाईक नाराज! विशेषतः नॉर्वे वगैरे उत्तरेकडच्या लोकांना ती जुनी पिवळी कॉफीच हवी होती. मग मलबारच्या व्यापाऱ्यांनी जहाजाचा प्रवास जमिनीवर घडवून आणला. जून ते सप्टेंबर, बाजू उघड्या असलेल्या गोदामांत बिया पसरायच्या, पावसाळी वाऱ्यात फुगू द्यायच्या, उलथत राहायच्या. ही "मॉन्सून्ड मलबार". एका बिघाडाचं रीतसर उत्पादन झालं, आणि तिला आज भौगोलिक मानांकनही आहे. आमच्या धंद्यात याला "बग नाही, फीचर आहे" म्हणतात, पण आम्ही ते तोंड लपवून म्हणतो.

तर यंदा संक्रांतीला गावी जाताना मी चार पिशव्या घेतल्या: चिकमगळूरची, अराकूची, मॉन्सून्ड मलबार आणि एक इथिओपियाच्या यिर्गाचेफेची. पाचवी वाशिमलाच मिळाली, तिच्याबद्दल पुढे सांगतो. स्वयंपाकघराच्या ओट्यावर स्टीलच्या वाट्या मांडल्या, मसाल्याचा वजनकाटा काढला. आईला वाटलं मी काहीतरी पूजा मांडतोय. आबांना खुर्ची आणून दिली. त्यांचं वय ब्याऐंशी, मोतीबिंदूची दोन्ही ऑपरेशन झालेली, नाक मात्र शाबूत. कोणत्या वाटीत काय ते कोणालाच सांगितलं नाही.

यिर्गाचेफेच्या वाटीवर आबा वाकले आणि बराच वेळ वर झालेच नाहीत. मग म्हणाले, "आंब्या बहाराच्या वक्ताले संत्र्याच्या बगिच्यातून चाललं का असा वास येते, पाह्य." मी पिशवी बघितली. त्यावर इंग्रजीत "लिंबूवर्गीय फुलं, जाई" असं छापलेलं होतं. अंगावर काटा आला हो! चवपरीक्षकांचं एक गोल चित्र असतं, १९९५ चं, २०१६ मध्ये नव्याने केलेलं. त्यात चवींची नावं पाकळ्यांसारखी लिहिलेली असतात. त्यात ब्लॅकबेरी, रास्पबेरी असली फळं आहेत जी मी आयुष्यात चाखलेली नाहीत, तरी तज्ज्ञासारखी मान हलवत आलोय. आबांनी ते चित्र पाहिलेलं नाही. मंगरूळपीर-कारंजाकडच्या संत्र्याच्या बागा मात्र त्यांच्या नाकात आहेत.

चिकमगळूरची होती एस. ७९५ या जातीची. ही जात १९४० च्या दशकात बाळेहोन्नूरच्या संशोधन केंद्रातून निघाली, पानांवरच्या तांबेऱ्याला तोंड देईल अशी. (याच रोगाने १८६९ नंतर श्रीलंकेच्या कॉफीचा निकाल लावला, आणि ते बेट चहाकडे वळलं.) आई म्हणाली, "चिंचेच्या साराले गूळ जास्त झाला का कसं लागते, तसं लागते." अगदी बरोबर! अराकू सगळ्यांना नुसती "बरी हाय" वाटली. मॉन्सून्ड मलबारवर मात्र आबांनी नाक लावलं आणि झटकन मागे झाले.

"हे भिजलेल्या पोत्यातलं हाय. गंजीखालचा माल. परत कर."

मी गोदामाची, पावसाळी वाऱ्याची, नॉर्वेची सगळी गोष्ट सांगितली. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "आमचा कापूस असा भिजला असता तं ग्रेडरनं बंडी माघारी धाडली असती. आन् हे इकत घेऊन पेतात लोक?"

इथून गाडी कापसावर आली, आणि मला ज्याच्यासाठी हे सगळं लिहायचं होतं ते हाती लागलं. आजी देवघरात वाती वळत बसली होती. आबांनी तिच्या पुढ्यातला एक पुंजका उचलला, दोन्ही अंगठ्यांच्या मध्ये धरून हलकेच ओढला, तुटलेली बाजू जुळवून परत ओढला. असं दोन-तीनदा. मग बोटावर धागे सरळ लावून मला दाखवले. "आखूड हाय. वातीलेच बरा." सगळं दहा सेकंदांत. ग्रेडर असंच करायचे, बंडीतून कापूस उपसून, आणि त्यांच्याकडे बघून बघून आबा शिकलेले. कपिंगच्या टेबलावर मी जे चार महिने शिकत होतो, ते हे दहा सेकंद बघून फार पोरकट वाटलं.

आमच्याकडच्या कापसाला एकेकाळी नाव होतं. साधंसुधं नव्हे, लिव्हरपूलच्या बाजारातलं! वऱ्हाडच्या कापसाला तिथे "उमरावती" म्हणत, व्यापारी बोलीत "ऊमरा". हिंगणघाटचा कापूस त्याच्या स्वतःच्या नावाने ओळखला जायचा. १८६० च्या दशकात अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं, तिकडचा कापूस थांबला आणि इकडच्याला सोन्याचा भाव आला. लगेच भेसळही आली. चांगल्या नावाखाली आखूड धाग्याचा माल, गाठीत सरकी, दगड, पाणी. मुंबई सरकारला १८६३ मध्ये खास कापसातल्या लबाडीविरुद्ध कायदा करावा लागला. "मोका"च्या नावाखाली कुठलीही कॉफी विकली जायची, तसंच हे. नाव मोठं झालं की ते चोरलं जातं. आणि हेही खरं की "उमरावती" म्हणजे तरी काय? बाजारपेठेचं नाव. मोख्यासारखंच. कारंज्याच्या, मंगरूळच्या शेताचं नाव त्यातही नव्हतंच.

पुढे १९७२ मध्ये महाराष्ट्रात एकाधिकार कापूस खरेदी योजना आली. शेतकऱ्याने कापूस विकायचा तो सरकारी खरेदी केंद्रावरच. ग्रेड लागणार, ग्रेडप्रमाणे भाव, हमीची रक्कम आधी आणि नफा झाला तर उरलेले पैसे मागून. आबा तेव्हा तिशीचे. ते या योजनेला शिव्या देतील असं मला वाटलं होतं, कारण मी इंटरनेटवर जे वाचलं त्यात सगळ्या शिव्याच होत्या. आबांनी दिल्या नाहीत. "आधी अडत्यापाशी जावं लागे. काटा त्याचा, भाव त्याचा, आन् कर्जही त्याचंच. मग निदान पावती भेटे हातात." पावती या शब्दावर त्यांनी असा जोर दिला की मी पुढचं विचारलंच नाही.

थोड्या वेळाने आपण होऊन म्हणाले, "एक वर्स लई चांगला माल आला होता. एच-४. वेचणी तुह्या आजीनं केली, कवडी एक नाई का काडी नाई. ग्रेडरनं धागा वढला आन् आजूबाजूच्या दोघातिघाले बलावून दाखोला. मंग बंडी ढिगावर खाली केली." एवढंच. मी विचारलं, मग? "मंग काय? ढीग तो ढीग."

मंडळी, आता हीच गोष्ट कॉफीत बघा. दुसरं महायुद्ध सुरू झालं आणि भारतीय कॉफीचा युरोपचा बाजार एकदम बंद झाला. बागायतदार बुडायला आले. १९४० मध्ये वटहुकूम निघाला, १९४२ मध्ये कॉफी कायदा झाला आणि कॉफी बोर्डाच्या हाती "पूल" आला. पूल म्हणजे सामायिक ढीग. कोडागूचा असो की चिकमगळूरचा, दोन एकरवाला असो की हजार एकरवाला, कॉफी द्यायची ती पुलातच. माल साफ करून प्रतवारी व्हायची, प्रतीप्रमाणे पॉइंट लागायचे, पॉइंटप्रमाणे पैसे, तेही वर्षभर हप्त्याहप्त्याने. बोर्ड तो माल लिलावात विकायचं. ग्रेडची नावं कशी? "प्लांटेशन ए", "अरेबिका चेरी", "रोबस्टा पार्चमेंट". यात बीचा आकार कळतो, फळ धुतलं की तसंच वाळवलं ते कळतं. डोंगर कळत नाही. युद्धाआधी इथल्या मोठ्या मळ्यांचे शिक्के लंडनच्या लिलावात पोत्यावरून ओळखले जायचे. पुलात ते शिक्के निरर्थक झाले. एखाद्याने फक्त लालबुंद पिकलेली फळं वेचली आणि शेजाऱ्याने हिरवी-पिवळी सगळी ओरबाडली, तरी दोघांचीही "प्लांटेशन ए" एकाच ढिगात जाऊ शकत होती. मग फक्त लाल वेचायची मेहनत कोण घेणार?

पुलाने माणसं जगवली, हे मी आबांच्या पावतीमुळे मान्य करतो. बोर्डाच्या आतही चव घेणारे लोक होते. सुनलिनी मेनन १९७० च्या दशकापासून तिथे चवपरीक्षक होत्या. आशियातल्या त्या क्षेत्रातल्या पहिल्या बाई म्हणून त्यांचं नाव घेतलं जातं. पुढे त्यांनी बंगळुरात स्वतःची प्रयोगशाळा काढली. म्हणजे जीभ होती. पण जिभेला कळलेलं त्या डोंगरावरच्या माणसापर्यंत भावाच्या रूपाने पोचवायची वाट नव्हती. माझ्या मते (चुकत असेन तर सांगा) नुकसान इथे झालं. ढीग झाला म्हणून चव मेली असं नाही, चांगलं करणाऱ्याला "तुझं चांगलं आहे" हा निरोप जाणं थांबलं. फीडबॅक लूप तुटला की सिस्टिम चालू राहते, सुधारत नाही. १९९२ पासून थोडी थोडी कॉफी बाहेर विकायची मुभा मिळत गेली आणि १९९६ पर्यंत पूल संपला. त्यानंतरच मळ्यांची नावं पिशव्यांवर परत दिसू लागली. २००२ पासून बोर्ड स्वतःच उत्तम कपाच्या स्पर्धा घेऊ लागलं. २०१९ मध्ये कोडागू अरेबिका, वायनाड रोबस्टा, चिकमगळूर अरेबिका, बाबाबुडनगिरी अरेबिका आणि अराकू अरेबिका अशी पाच भौगोलिक मानांकनं एकदम मिळाली.

आपल्याकडे पूल सुटला म्हणून जगात सगळीकडे सुटला असं समजू नका. कॉफीची जन्मभूमी इथिओपिया. "स्पेशालिटी कॉफी" हा शब्द एर्ना नुटसेन यांनी १९७४ मध्ये वापरला, तो विशिष्ट हवामानात पिकणाऱ्या वेगळ्या चवीच्या कॉफीसाठी, आणि अशा कॉफीत यिर्गाचेफेचं नाव पहिल्या रांगेत. २००८ मध्ये त्या देशाने कमोडिटी एक्स्चेंज काढलं आणि बहुतेक कॉफी त्यातूनच विकायची असं ठरवलं. हेतू चांगला: शेतकऱ्याला भाव कळावा, पैसे वेळेवर मिळावेत. परिणाम ओळखीचा: पोत्यावर प्रदेश आणि ग्रेड उरली, फळं धुणाऱ्या केंद्राचं नाव पुसलं गेलं. २०१७ मध्ये नियम सैल झाले तेव्हा ती नावं परत येऊ लागली. वॉर्धा-यवतमाळ-वाशिमच्या कुठल्याही कापूसवाल्याला विचारा, तो न वाचता ही गोष्ट सांगेल.

आता पाचवी वाटी.

आपल्या विदर्भात कॉफी होते हे तुमच्यातल्या किती जणांना माहीत आहे? चिखलदरा! मेळघाटातलं थंड हवेचं ठिकाण, गाविलगडाच्या शेजारी, उंची अकराशे मीटरच्या आसपास. १८२३ मध्ये रॉबिन्सन नावाच्या इंग्रज कॅप्टनला ही जागा सापडली म्हणतात (कोरकू लोकांना ती कधी हरवलीच नव्हती, पण ते जाऊ द्या). इंग्रजांच्या काळापासून तिथे थोडी थोडी कॉफी आहे, अजूनही आहे. वाशिमहून दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे मी हजारेक किलोमीटर लांबून यिर्गाचेफे वाहून आणली, तीही बंगळुरात मिळालेली, आणि आमची सगळ्यात जवळची कॉफी मी जन्मात चाखली नव्हती. माझा मामेभाऊ परतवाड्याला असतो, त्याने येताना एक पुडी आणली होती.

कॉफी बोर्डाच्या आकडेवारीत कर्नाटक, केरळ, तामिळनाडू, आंध्र, ओडिशा आणि ईशान्येकडची राज्यं असे रकाने असतात. देशाची कॉफी साडेतीन लाख टनांच्या घरात, त्यातली सत्तर टक्क्यांच्या आसपास एकट्या कर्नाटकाची. त्या हिशेबात चिखलदरा म्हणजे ताटातलं एक शीत. मला मान्य आहे. पण अराकूकडे बघा. तीही अशीच नऊशे-अकराशे मीटरवरची डोंगरी जागा, तिथेही आदिवासी शेतकरी, तीही पारंपरिक कॉफीच्या मुलखाबाहेरची. २०१७ मध्ये अराकूच्या नावाचं दुकान पॅरिसमध्ये उघडलं. डोंगर काही रातोरात उंच झाला नव्हता. कोणीतरी वर्षानुवर्षं तिथे फळ वेचायला, धुवायला शिकवलं, चाखलं, आणि चाखून काय कळलं ते परत जाऊन सांगितलं.

तुम्हाला वाटेल आता मी सांगणार की पाचवी वाटी सगळ्यात भारी निघाली. नाही निघाली. :( पुडी आधीच दळलेली, पिठासारखी बारीक. भाजणी इतकी काळी की तेल सुटलेलं. कधी भाजली, कोणाच्या बागेतली, काहीच लिहिलेलं नाही. वाटीवर साय नीट आलीच नाही. चव जळकट, मागे थोडीशी धुरकट गोडी. मी कागदावर गुण लिहायला लागलो आणि थांबलो. कशाला गुण देत होतो मी? ही चव चिखलदऱ्याच्या डोंगराची नव्हतीच, भाजणाऱ्याच्या कढईची होती. प्रोग्रॅम रन न करता नुसती एरर वाचून शेरा मारण्यासारखं. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी सान फ्रान्सिस्कोत क्लॅरेन्स बिकफोर्ड नावाच्या दलालाने बीचं रूप न बघता कप चाखून कॉफी निवडायची पद्धत पाडली, तोवर व्यापारी बी दिसते कशी यावरच भाव करायचे. चिखलदऱ्याबाबत माझं तेही झालं नव्हतं. मला तिथली बी दिसलीसुद्धा नव्हती.

आबा मात्र त्या वाटीपाशी रेंगाळले. दुसऱ्यांदा चमचा भरला, मोठा भुरका मारला (आई दचकली), आणि तोंडात घोळवत बसले.

"हे जाळली हाय," ते म्हणाले. "जाळल्यावर कोनताही माल सारखाच. हिची कच्ची बी भेटन का?"

"भेटेल ना. काय करता?"

"कढईत हलक्या हातानं भाजू. तुह्या आजीले शेंगदाने भाजता येतात, हे नाई येनार?"

आजी देवघरातून म्हणाली, "मले कशात ओढू नका." पण ती हसत होती.

मी तिथल्या तिथे मामेभावाला फोन लावला. कॉफीची तोडणी थंडीतलीच, अजून काही झाडांवर फळं असतील. म्हटलं, दोन किलो कच्च्या बिया बघ. न भाजलेल्या, न दळलेल्या. एकाच बागेतल्या हव्यात, दोन बागांच्या मिसळू नकोस. आणि बाग कोणाची, कोणत्या तारखेला तोडल्या, ते एका कागदावर लिहून पिशवीत टाक.

"बिया आनतो ना भाऊ," तो म्हणाला, "पन कागद कायले पाह्यजे?"

आबांनी माझ्या हातातून फोन घेतला.